खानसाहेबांची राहून गेलेली जकात

रमजानचा चाँद दिसला की आमच्या घरातल्या टेपरेकॉर्डरवर अम्मी एक धुतलेला पांढरा रुमाल टाकायची. महिनाभर तो निघत नसे. संगीत ऐकावं की नाही, याबद्दल उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. आमच्या घरी एवढंच ठरलेलं होतं, की हा महिना कुरआनच्या तिलावतीचा. बाकीचे आवाज थोडे थांबतील. ईदच्या दिवशी नमाज झाली, शेजारपाजारी शिरखुर्मा पोचला, की अब्बा तो रुमाल उचलायचे आणि कॅसेट लावायचे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या अब्बांची ती आवडती कॅसेट होती ‘कट्यार काळजात घुसली’ची.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे संगीत नाटक 1967 साली रंगभूमीवर आलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि खानसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. 2015 मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला आणि नव्या पिढीलाही ही गोष्ट कळली. विश्रामपूर संस्थानात राजगायकपदाची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला मान मिळतो आणि एक कट्यारही, जिच्या बळावर एक खून माफ असतो. पंडित भानुशंकरांपुढे खानसाहेब पुन्हा पुन्हा हरतात. शेवटी त्यांची पत्नी पंडितजींना शेंदूर खाऊ घालते. पंडितजींचा गळा जातो आणि हवेली, मान, कट्यार सगळं खानसाहेबांकडे येतं.

चित्रपट आला त्या वर्षी वर्गात एका मुलीनं जरा चाचरत विचारलं, “मॅडम, तुम्हाला हा सिनेमा बघताना वाईट नाही वाटलं? खानसाहेबांना व्हिलन केलंय.” वर्ग एकदम गप्प झाला. प्रश्नामागचा प्रश्न सगळ्यांना कळला होता. खरं सांगायचं तर थिएटरच्या अंधारात मीही क्षणभर अवघडले होते. उर्दू बोलणारा, शेरवानीतला माणूस पडद्यावर जळफळू लागला की आपल्याकडे कुणी बघतंय का, असं उगाच वाटतं.

तेव्हा मला अब्बांचं जुनं वाक्य आठवलं. ते म्हणायचे, “खानसाहेबांकडे अल्लाहनं दिलेलं सगळं होतं बेटा. एकच राहिलं. त्यांनी सुरांची जकात दिली नाही.”

जकात म्हटलं की मराठी वाचकाला जकात नाका आठवतो. शब्द तोच, अरबीतून आलेला. पण त्याचा मूळ अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं असा आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर जवळ राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा गरजूंचा असतो. तो देणाऱ्याचा उपकार नसतो, घेणाऱ्याचा हक्क असतो. तो काढला नाही तर उरलेलं धनही स्वच्छ राहत नाही. बहुतेक घरांत हा हिशेब रमजानमध्ये होतो. अब्बा म्हणायचे, इल्मचीही जकात असते.

या नजरेनं नाटक बघितलं की ते वेगळं दिसतं. खानसाहेबांच्या गाण्यात कमी काहीच नाही. पंडितजींचा शिष्य सदाशिव विद्या मागायला आला, की ते दार बंद करतात. मग तो त्यांच्याच हवेलीत नोकर बनून राहतो आणि चोरून ऐकत शिकतो. जे हक्काचं म्हणून मिळायला हवं, ते त्याला चोरावं लागतं. खानसाहेबांच्या मनात रोज घाव घालणारी कट्यार असते हसद, म्हणजे मत्सर. आम्ही ज्याला नफ्स म्हणतो, त्या ‘मी’शी त्यांची लढाई आहे. शेवटी सदाशिव पकडला जातो, गाण्याची परवानगी मागतो, आणि तो सूर ऐकताना उगारलेला हात खाली येतो. मला तो क्षण तौबेचा वाटतो. उपाशी राहून रोजेदार जे शिकायचा प्रयत्न करतो, ते खानसाहेबांना तिथे एका गाण्यात मिळतं.

मी त्या मुलीला आणखी एक गोष्ट सांगितली. रंगमंचावर शिष्याला दार बंद करणारा खानसाहेब ज्या वसंतरावांनी उभा केला, ते स्वतः तरुणपणी लाहोरला उस्ताद असद अली खान यांच्याकडे मारवा शिकले होते. ज्यांनी या नाटकाला चाली दिल्या, त्या गोव्याच्या अभिषेकीबुवांनी उस्ताद अजमत हुसेन खान यांच्याकडे तालीम घेतली होती. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले नत्थन खान आणि अल्लादिया खान यांच्याकडे शिकले. मिरजेच्या दर्ग्यात विसावलेल्या अब्दुल करीम खानांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी. आषाढीला घरोघरी जे अभंग लागतात, त्या गळ्याची तालीम अशी मिरजेपर्यंत मागे जाते. नाटकातल्या खानसाहेबांनी जे दिलं नाही, ते खऱ्या खानसाहेबांनी दिलं होतं. म्हणून तर मराठी संगीत नाटक इतकं श्रीमंत झालं, आणि ‘कट्यार’ लिहिलं, गायलं जाऊ शकलं.

मुलगी हसली. वर्ग मोकळा झाला. मी मात्र त्या दिवशी घरी येताना मोकळी नव्हते.

कारण काही महिन्यांपूर्वी एका नव्या सहकारी प्राध्यापिकेनं माझी टिपणं मागितली होती. उर्दू गझल मराठी मुलांना कशी शिकवावी, यावर वीस वर्षांत जमवलेली. “शोधून देते,” म्हणाले होते. ती कपाटात समोरच होती. मला वाटलं होतं, एवढ्या कष्टानं जमवलेलं असं सहज का द्यावं? वर्गात मी खानसाहेबांचा न्याय करत होते, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी ती फाईल तिच्या टेबलावर ठेवली. तिनं वापरली, काही चुका दाखवल्या, दोन नवी उदाहरणं घालून परत केली. जकातीनं वाढतं म्हणतात, ते असं.

आता अब्बा नाहीत. टेपरेकॉर्डर बंद पडलाय, पण रमजान लागला की त्याच्यावर रुमाल मीच टाकते. शेवटच्या दहा दिवसांत दागिने, बँकेतली रक्कम, देणी, सगळं कागदावर मांडून अडीच टक्के काढते. त्या कागदाच्या खाली एक ओळ आता दरवर्षी रिकामी सोडते. यंदा मला येणारं काय, मी कुणाला दिलेलं नाही?

ही ओळ भरायला रोजा असावाच लागतो असं नाही. तुमच्या घरातही कुठलं तरी कपाट असेल. रमजान मुबारक.