नळीच्या देखभालीचे बिल तपशिलाने मागा



या पानावर एरवी भाताचं, वालाचं बोलणं होतं. आजचा विषय घरखर्चाचा आहे. पीक हाती आलं तरी आजारपणाचं बिल ते खाऊन टाकतं.

आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक आहे. कॅन्सरवर केमो घेणाऱ्या माणसाच्या दंडातून काही वेळा बारीक नळी घालतात. तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. हिला पिक लाईन म्हणतात. नळी महिनोन्‌महिने राहू शकते आणि पेशंट घरी येतो. मग आठवड्याला ड्रेसिंग बदलणे आणि सलाईनने नळी धुणे आलेच. ठिबकची नळी धुतली नाही तर चोंदते, तसंच हे. फरक एवढाच की इथे अस्वच्छ हात लागला तर जंतू थेट रक्तात जातात. म्हणून पैसे वाचवायला ड्रेसिंग चुकवू नका. बचत करायची ती बिलात.

एका गावी मला दाखवलेल्या बिलात 'नळी देखभाल' एवढी एकच ओळ आणि पुढे रक्कम! सिस्टर किती वेळा आल्या, काय वापरले, काहीच कळेना. वालाचे सगळे पैसे त्या घराने त्यात घातले होते.

तेव्हा घरी सेवा लावण्यापूर्वीच पुढील गोष्टी ठरवून घ्या :

१) फेरीचा आकार, ड्रेसिंगचे सामान, सलाईन-सिरिंज आणि औषध यांची बिलात वेगळी नोंद हवी, तारखांसह.

२) प्रत्येक फेरीची तारीख वहीत लिहून सिस्टरची सही घ्या. सामानाची वेष्टने जपून ठेवा आणि छापील किंमत बिलाशी ताडून बघा.

३) औषध द्यायच्या फेरीतच नळी धुतली, तर दुसरा आकार लागणार का, हे आधी विचारा. अमेरिकेत घरी औषध देण्याच्या रोजच्या दरातच नळीची देखभाल धरतात. दुसरे औषध चालू नसेल तेव्हाच ती वेगळी लावतात. आपल्याकडे ही बोली आपणच करून घ्यावी.

४) महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार असतील, तर घरच्या फेऱ्या त्यात बसतात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ड्रेसिंग जवळच्या सरकारी दवाखान्यात चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

तपशिलाचे बिल मागायला लाजू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते आहे. औषध कुठून घ्यायचे ते निवडण्याचा हक्कही तिच्यात आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

आणि एक ध्यानात ठेवा. थंडी वाजून ताप आला, नळीभोवती लाली आली किंवा हात सुजला, तर सिस्टरच्या पुढच्या फेरीची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बिलाचं नंतर बघता येईल.