पाहुणा गावात थांबला तरच पर्यटन गावाचं! वेळासच्या कासवांकडून जुन्नर-आंबेगावने काय शिकावं?

जुन्नर / घोडेगाव : जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ साली विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. शेजारच्या आंबेगावात भीमाशंकरचं जंगल आहे, डिंभे धरण आहे, आहुप्याचा कडा आहे.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाणेघाटात आणि भीमाशंकरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सोमवारी सकाळी मागे काय उरतं? पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि चार-दोन टपऱ्यांचा गल्ला. माणसं हजारोंनी येतात, पण गावातल्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. सकाळी येतात, फोटो काढतात, संध्याकाळी परत. मग पर्यटनाचा दर्जा मिळाला तरी गावाच्या पदरात काय पडणार?

यावर कोकणातल्या एका लहान गावाने वाट काढली आहे. आपल्याकडे समुद्र नाही, पण वाट समजून घेण्यासारखी आहे.

वेळासमध्ये नेमकं काय झालं?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीजवळ वेळास हे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं. किनाऱ्यावर कुंपण घालून जागा केली आणि सापडलेली अंडी तिथे हलवून पुरायला सुरुवात झाली. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात, ती समुद्रात सोडली जातात.

२००६ पासून हे बघायला लोकांना बोलावणं सुरू झालं. त्याला कासव महोत्सव नाव पडलं. गावात मोठं हॉटेल नव्हतं, आणि तेच गावाच्या पथ्यावर पडलं. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहू लागले, ओटीवर झोपू लागले, घरचं जेवण जेवू लागले. आधी अंड्याला जेवढी किंमत होती, त्यापेक्षा जिवंत पिल्लाला जास्त किंमत आली. कासव राखलं तर पाहुणा येतो आणि पाहुणा आला तर घरात पैसा येतो, एवढं साधं हे गणित. ते कळल्यावर राखणीला पूर्वीसारखा जोर लावावा लागला नाही.

असंच एक उदाहरण सिंधुदुर्गात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी चालवणाऱ्याही त्याच आणि माहिती सांगणाऱ्याही त्याच.

किनाऱ्याशी आपलं नातं जुनंच

कोकणचं उदाहरण आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण जुन्नर मोठं झालं तेच किनाऱ्याच्या व्यापारावर. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात.

भीमाशंकरचंही तसंच. देवळाचं शिखर बांधणारे नाना फडणवीस मूळचे वेळासचे, ज्या गावची कासवांची गोष्ट वर सांगितली त्याच गावचे. देवळापुढची मोठी पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली. ही गोष्ट किती पाहुण्यांना कळते? सांगणारा गावातला माणूस जागेवर नसतो, म्हणून कळत नाही.

आपल्याकडे कासवाच्या जागी काय?

शिवनेरी, लेण्याद्री, ओझर लोकांना माहीत आहे. गर्दी तिथेच होते. पण पाहुण्याला एक रात्र थांबवेल असं बरंच काही आजूबाजूच्या गावांत आहे.

मे अखेर ते जून, पहिल्या पावसाच्या आसपास भीमाशंकर परिसरात काजवे चमकतात. ते रात्रीच दिसतात, म्हणजे पाहुण्याला मुक्काम करावाच लागतो. जंगलात शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. पूरला कुकडीच्या उगमापाशी कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे. चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी हे गड आहेत. पश्चिम पट्ट्यात देवराया आहेत, हिरड्याची झाडं आहेत. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, ती हकिकत सांगणारे म्हातारे अजून आहेत.

आणि मासवडी! पुण्या-मुंबईचा माणूस हॉटेलात मासवडी शोधत फिरतो. ती चुलीवर कशी करतात हे बघायला आणि खायला तो पैसे देईल.

पैशाचं गणित

हिशोबासाठी आकडे धरू. एका वाडीत १० घरांनी दोन-दोन पाहुणे घेतले. राहणं, नाष्टा आणि दोन वेळचं जेवण मिळून माणशी ८०० रुपये. एका रात्रीचे झाले १६ हजार. निम्मा खर्च धरला तर घरटी ८०० रुपये उरले. वर्षात अशा ३० रात्री मिळाल्या तर घरटी २४ हजार. शिवाय माणशी ५० रुपये गावनिधीला घेतले तर वर्षाला ३० हजार जमा होतात. त्यातून कचरा उचलणाऱ्याची मजुरी निघते.

यात तांदूळ, नाचणी, दूध, भाजी घरची. बाजारात न नेता ताटातच विकली गेली. वाट दाखवणाऱ्या पोराची मजुरी वेगळी.

परवानगी कुणाची लागते?

शिवनेरी, लेण्याद्री ही पुरातत्त्व विभागाची संरक्षित ठिकाणं आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. म्हणून आधी खोल्या बांधून मग कागद गोळा करू नका.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. अभयारण्यात पाहुणे न्यायचे तर वन विभागाला विचारावंच लागतं. पश्चिम पट्ट्यातली बरीच आदिवासी गावं पेसा कायद्याखाली येतात. तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे, ते वापरायला हवं. शेतावर पाहुणे घेणाऱ्यांसाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये मंजूर झालं आहे. त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

सावध कुठे राहायचं?

पहिलं म्हणजे उजेड. कासवाची पिल्लं दिव्यांच्या उजेडाने समुद्राची दिशा चुकतात. काजवेही उजेडानेच जोडीदाराला खुणावतात. गाडीचे हेडलाइट, मोबाईलच्या बॅटऱ्या त्यात आल्या की त्यांचं सगळं बिघडतं. काजवे दाखवायचे तर गाड्या गावाबाहेर उभ्या करून पायी न्यावं लागेल. डीजे तर नकोच.

दुसरं, बिबट्या. उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर पाहुण्यांच्या लेकरांना शेतात सोडू नये. मटणा-कोंबडीचा टाकाऊ भाग घराबाहेर फेकला की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या.

तिसरं, शेती सोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने वेळासच्या पट्ट्यात घरं-बागा झोपवल्या. त्याच वर्षी लॉकडाऊनने पाहुणेही थांबले. पर्यटन हा जोडधंदा आहे, त्याच्या भरवशावर कर्ज काढून बंगले बांधणं धोक्याचं.

चौथं, जमीन. रस्ता झाला, नाव झालं की बाहेरचा माणूस कड्यावरची जमीन मागायला येतो. ती एकदा विकली की पाहुणे त्याचे आणि भांडी घासायला आपण.

पुढच्या ग्रामसभेत काय ठरवायचं?

१. काय दाखवायचं आणि काय नाही. देवराईत कुठपर्यंत जायचं, हे गावच ठरवेल.

२. सगळ्या घरांचा दर एकच आणि पाहुणे पाळीपाळीने. नाहीतर रस्त्याकडेच्या दोन घरांचंच भलं होतं आणि भावकीत भांडण लागतं.

३. एका दिवशी जास्तीत जास्त किती पाहुणे, हा आकडा फळ्यावर लिहायचा.

४. जेवणाचं आणि हिशोबाचं काम बचत गटाकडे. स्वच्छ संडास असेल त्याच घरात पाहुणा.

५. गावातली चार-पाच पोरं-पोरी माहिती सांगायला तयार करायची. शाळेतले गुरुजी आणि जुनी माणसं मिळून ती शिकवू शकतील.

६. आणलेला कचरा पाहुण्यानेच परत न्यायचा, गावनिधीची पावती द्यायची.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. पाच-दहा घरांची तयारी असेल तर येत्या हंगामात दोन शनिवार-रविवार करून बघता येईल. जमलं तर वाढवायचं, नाही जमलं तर घर आणि शेत जागेवरच आहे.