भाषा अनेक, मसुदा एक

ज्या म्हसवड गावी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली, त्याच गावी सिद्धनाथाच्या यात्रेत घोंगडी विकत घेणारे गिऱ्हाईक आज फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करते. आणि फोनमधील अॅप एका संगणकभाषेत, गिऱ्हाइकाच्या बँकेची प्रणाली दुसरीत व विक्रेत्याच्या बँकेची तिसरीत लिहिलेली असली, तरी ठरलेली रक्कम बिनचूक जमा होते. हा व्यवहार वाटतो तितका सहज नाही, कारण प्रत्येक संगणकभाषा एकच मजकूर स्मृतीत आपापल्या रीतीने साठविते. ‘म्हसवड’ हेच नाव घ्या. जोडाक्षरातील हलन्तासह त्यात सहा चिन्हे. ‘जावा’ भाषा ती बारा बाइटांत ठेवते, तर ‘गो’ भाषेत त्याच नावाला अठरा बाइट लागतात. एकीच्या स्मृतीतील ऐवज जसाच्या तसा दुसरीच्या हवाली केला, तर तिच्या लेखी तो निव्वळ निरर्थक अंकांचा ढीग ठरेल.

यावर तोड एकच, आणि ती म्हणजे उभय पक्षांना मान्य असा मसुदा. पेढीच्या वह्या कोणत्याही लिपीत असोत, हुंडीचा मजकूर शिरस्त्याप्रमाणे असला की ती परमुलखातही सकारली जाई; त्याच न्यायाने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआयमध्ये रक्कम, देणारा, घेणारा व व्यवहारक्रमांक यांची ठरावीक कलमे असलेला ‘एक्सएमएल’ मजकूर डिजिटल स्वाक्षरीनिशी पाठविला जातो, आणि प्रत्येक प्रणाली तो वाचून आपल्या भाषेच्या साच्यात उतरवून घेते.

एकाच यंत्रात दोन भाषा नांदतात, तेव्हा मात्र असा लेखी मजकूर दर वेळी रचणे वेळखाऊ होते. पायथनमधून ‘सी’ भाषेतील आज्ञावली थेट बोलाविली जाते. तेथे द्यावयाच्या किमती कोठे ठेवाव्यात, उत्तर कोठून उचलावे आणि वापरलेली स्मृती मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच मुक्रर झालेले असावे लागते. या शेवटच्या कलमात कुचराई झाली, तर चालता कार्यक्रम अकस्मात कोसळू शकतो.

प्रणालीची भाषा तिच्या मालकाला स्वतःच्या अखत्यारीत बदलता येते. मसुद्यातील एखादे कलम बदलावयाचे, तर सर्व पक्षांची संमती लागते. म्हणून नवी प्रणाली उभारणाऱ्याने मसुदा आधी पक्का करावा आणि भाषेची निवड मागाहून करावी.