लांब पल्ल्याच्या मुली

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांची १०,००० मीटरची शर्यत झाली. केनियाच्या दोघी पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्यामागे तिसरी आली ती नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याआधी भारताला ट्रॅकवरचं असं पदक १९५८ मध्ये मिल्खासिंगांनी मिळवून दिलं होतं. मधली बावन्न वर्षं कोरडी गेली होती.

दीड महिन्याने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच अंतरात रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनला गेलं. दोघींमध्ये अंतर होतं ०.९७ सेकंदाचं. पंचवीस फेऱ्या मारल्यावर एका सेकंदाहून कमी. कविताची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद, म्हणजे दिल्लीपेक्षा तब्बल सव्वा मिनिट कमी. माझ्या मते दिल्लीच्या कांस्यापेक्षा ही धाव कितीतरी मोठी होती. पण घरच्या मैदानावरचं पदक लोकांच्या लक्षात राहिलं आणि ग्वांगझू मागे पडलं. त्याच स्पर्धेत तिने ५,००० मीटरचं कांस्यही जिंकलं होतं, हे तर नाशिकमध्येसुद्धा आठवून सांगावं लागतं.

वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ केलं आणि सोबत एक कथाही तयार झाली. आदिवासी पाड्यावरची मुलगी, डोक्यावर हंडा, पाण्यासाठी डोंगरातली पायपीट, अनवाणी पाय आणि त्यातूनच घडलेली धावपटू. कथेतला तपशील खोटा नाही. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पावसाळ्यात ढग फुटल्यासारखं कोसळतं आणि होळी सरली की विहिरीचा तळ दिसतो. पाणी उतारावरून गुजरातेकडे वाहून जातं. त्र्यंबक तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून हंडे घेऊन जातात, हे चित्र २०२२ च्या सुरुवातीला राज्यभर गाजलं. तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षीच्या पुरात वाहूनही गेला.

मला खटकतो तो या कथेतला कार्यकारणभाव. हंडे वाहून लांब पल्ल्याची धावपटू घडत असती, तर या तीन तालुक्यांनी एव्हाना ऑलिम्पिकचा अख्खा संघ दिला असता. पाणी वाहणाऱ्या बाईची मान आणि कंबर जाते, मुलीची शाळा बुडते. त्या पायपिटीला सराव म्हणणं म्हणजे टंचाईला शाबासकी देण्यासारखं आहे. कविता धावपटू झाली कारण तिची पायपीट एका टप्प्यावर थांबली आणि तिच्या हाती दुसरं काहीतरी आलं.

ते दुसरं काहीतरी नाशिक शहरात होतं: भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान आणि तिथले प्रशिक्षक विजेंदर सिंग. या माणसाच्या हाताखालून गेल्या दोन दशकांत मुलींच्या एकामागून एक तुकड्या बाहेर पडल्या. बहुतेकींची घरं डोंगरातली नाहीतर कोरडवाहू शेतकऱ्यांची. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं गणित कंटाळवाणं असतं. हृदय, फुप्फुसं आणि पायांचे स्नायूबंध सावकाश तयार होतात, त्याला सात-आठ वर्षं जातात, आणि त्या काळात आठवड्याला शंभराच्या घरात किलोमीटर पायाखालून घालावे लागतात. हे एकटीने होत नाही. बरोबर धावायला आपल्यापेक्षा थोडी वेगवान मुलगी लागते, राहायला खोली लागते, दोन वेळचं पोटभर जेवण लागतं आणि घरी ‘अजून एक वर्ष थांबा’ असं सांगणारं कोणीतरी लागतं. लग्नाची बोलणी टाळणं हाही आपल्याकडे प्रशिक्षकाच्या कामाचा भाग आहे. तो कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

मागे वळून पाहताना जगाचं घड्याळही तपासायला हवं. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. शर्यतीनंतर काहीजणी दमून गवतावर पडल्या. वार्ताहरांनी त्याच्या भडक बातम्या रंगवल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद झाली. पुरुषही शर्यत संपली की आडवे होतात, पण ते वीरश्रीत जमा होतं! १५०० मीटर १९७२ मध्ये आली, मॅरेथॉन १९८४ मध्ये, आणि १०,००० मीटर १९८८ मध्ये. कविताचा जन्म १९८५ चा. ती जन्मली तेव्हा तिची शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत बायकांचं अंतर पुरुषांइतकं, म्हणजे १० किलोमीटर, व्हायला २०१७ उजाडलं.

नाशिकच्या लोकांना बायकांच्या दमसासाबद्दल अशी शंका कधी पडली नसावी, निदान देवाच्या वाटेवर तरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी चाळीसच्या आसपास. रात्रभर पावसात, चिखलात, कित्येकजणी अनवाणी, नऊवारीचा काचा मारून. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला खानदेशातून पायी येणाऱ्या बायका उन्हाच्या तडाख्यात रोज पंचवीस-तीस किलोमीटर तोडतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, त्यांतही डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या असतात. आज ज्याला ‘एन्ड्युरन्स’ म्हणून पैसे भरून नाव नोंदवतात, ते या वाटांवर फुकट आणि बिनघड्याळाचं चालू आहे. स्वतःसाठी, वेळ लावून, शॉर्ट्स घालून धावायचं म्हटलं की मात्र याच गावांत भुवया उंचावतात.

कवितानंतर काय झालं, हा खरा मागोवा. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर ती मॅरेथॉनकडे वळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्ण जिंकून रिओ ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. रिओत मात्र शर्यत सकाळी साडेनऊला सुटली, उन्हाने पार वाट लावली आणि ती १२० वी आली, जवळजवळ तीन तासांनी. त्याच ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. ललिताला राज्य शासनाने उपजिल्हाधिकारी केलं. कविता ओएनजीसीत नोकरीला लागली. राज्याची नोकरी आपल्याला मिळाली नाही, ही खंत तिने २०२४ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली. दोघींच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की ती खंत अनाठायी वाटत नाही.

दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ मध्ये दिल्ली मॅरेथॉन जिंकून लंडनच्या जागतिक स्पर्धेत धावली आणि ६४ वी आली. या ६४ ला कोणी मिरवणूक काढली नाही. पण दिंडोरीच्या द्राक्षबागांतून निघून जगातल्या निवडक मॅरेथॉनपटूंच्या रांगेत उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हे.

चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव त्याच वर्षी झळकली. भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य, लगेच तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य, आणि २०१८ मध्ये चीनमधल्या आशियाई क्रॉस कंट्रीत कांस्य. मग २०१८ च्याच एका चाचणीत प्रोबेनेसिड सापडलं. हे मूळचं संधिवाताच्या एका प्रकारावरचं औषध. इतर द्रव्यांवर पडदा टाकायला ते वापरता येतं म्हणून खेळाडूंना वर्ज्य. दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९ मध्ये दोह्यात जिंकलेलं आशियाई कांस्यही गेलं. नाशिकच्या कौतुकसोहळ्यांत हे पान गाळलं जातं. ते गाळू नये, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळत नाही. बंदी संपल्यावर ती परतली आणि राष्ट्रीय पातळीवर १०,००० मीटरमध्ये पुन्हा पदकं जिंकू लागली. तिशीकडे झुकताना, डाग लागल्यावर, पुन्हा पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीला उभं राहायला वेगळाच चिवटपणा लागतो.

नाशिकच्या या तिघींच्या मागे, नावं न झालेल्या कितीतरी मुली आहेत. शालेय स्पर्धेत पहिल्या, सोळाव्या वर्षी राज्यात झळकलेल्या आणि विशीत गायब झालेल्या. कारणं नेहमीचीच सांगतात: लग्न, पैसा, दुखापत. त्यांच्या आड एक कारण लपून राहतं, ते रक्तातलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्नायूंना प्राणवायू पोचवतं ते हिमोग्लोबिन. पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, डांबरी रस्त्यावर पाय आपटून तांबड्या पेशी फुटतात त्यातूनही जातं. नागलीची भाकरी आणि पातळ वरण यांवर ही तूट भरून निघत नाही. मुलगी ‘ढेपाळली’ असा शेरा बसतो, तिचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कोणी तपासत नाही. त्यात सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं की पाळी थांबते. पुष्कळ मुलींना ती सुटकाच वाटते. हाडं मात्र आतून ठिसूळ होत जातात आणि एके दिवशी नडगीला बारीक चीर पडते. पुरुष प्रशिक्षकाशी हे बोलायचं कसं, या संकोचात किती कारकिर्दी संपल्या असतील याचा हिशेब कुठल्याच संघटनेकडे नाही.

दरम्यान डोंगरात धावण्याची नवी हौस आली आहे. पुण्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा अशी अल्ट्रा शर्यत होते. नाशिकचे धावणारे रविवारी अंजनेरी, पांडवलेणी, चामरलेणी गाठतात. त्यांत चाळिशीतल्या डॉक्टर, शिक्षिका, बँकवाल्या बायका आहेत. लांब अंतरांत बायका वेग अधिक एकसारखा राखतात, सुरुवातीलाच उधळून नंतर गळपटत नाहीत, हे मॅरेथॉनच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनची जस्मिन पॅरिस अमेरिकेतली बार्कली ही डोंगरातली अल्ट्रा शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. मुदत ६० तासांची, तिला लागले ५९ तास ५८ मिनिटे २१ सेकंद. ती तेव्हा दोन मुलांची आई होती. ती बातमी नाशिकच्या धावणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली नसती तरच नवल.

अंजनेरीच्या वाटेवर धावणाऱ्या या बायकांच्या पायात दहा-बारा हजारांचे बूट असतात. त्याच डोंगराच्या मागच्या पाड्यांवरची मुलगी त्यांच्यात सहसा दिसत नाही. नोंदणीची फी हे एक कारण. दुसरं अधिक साधं आहे: ट्रॅकवरच्या पदकामागे खेळाडूंच्या राखीव जागेतल्या नोकरीची आशा असते, डोंगरातल्या शर्यतीमागे अजून तरी पदक, टी-शर्ट आणि फोटो. हरसूलच्या पोरीला डोंगर चढण्याची हौस वेगळी भागवायची गरज नसते. तिला ४०० मीटरचा सपाट ट्रॅक हवा असतो, आणि तो तिच्या घरापासून एसटीने दोन तासांवर आहे.