मुलांची पहिली गिटार : ‘वाढत्या अंगाची’ नको, हाताच्या मापाची हवी

के. आर. पुरम (बेंगळुरू) : कर्नाटकातील शाळांना एप्रिलमध्ये उन्हाळी सुटी लागते आणि जूनच्या सुमारास नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. मधल्या काळात मुलांसाठी संगीताचा, चित्रकलेचा किंवा नृत्याचा वर्ग शोधण्याची पालकांची लगबग सुरू होते. बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम परिसरही त्याला अपवाद नाही. गिटार हे मुलांचे आवडते वाद्य. वर्गात नाव घातले, की वाद्य कोणते घ्यायचे, हा पहिला प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुकानात, अर्ध्या तासात आणि किमतीकडे पाहून दिले जाते. मूल पुढे गिटार शिकणार की नाही, याचा निम्मा निर्णय मात्र त्या अर्ध्या तासातच झालेला असतो.

मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यावेत, असा मराठी घरांतला जुना शिरस्ता आहे. सैल सदरा वर्षभरात अंगाला बसतो. गिटारचे तसे होत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या माणसाची गिटार दिली, तर त्याची बोटे पोहोचत नाहीत, खांदा वर उचलला जातो, मनगट वाकडे होते आणि दोन-तीन महिन्यांत ‘मला जमत नाही’ असे मूल म्हणू लागते. दोष वाद्याच्या मापाचा असतो. मुलाच्या मनात मात्र तो स्वतःच्या कुवतीचा होऊन बसतो.

गिटारशी जुने नाते असलेले शहर

के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम. रेल्वे स्थानक, केबलांच्या आधारावर उभा असलेला पूल आणि जुना मद्रास रस्ता ही त्याची ओळख. शेजारच्या दूरवाणीनगरात 1948 मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि पुढे माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे हा सारा पट्टा देशभरातून आलेल्या कुटुंबांचा झाला. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. जवळचे व्हाइटफील्ड ही 1882 मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजासाठी वसवलेली वसाहत होती. पाश्चात्त्य संगीत शिकवणारी ‘बंगलोर स्कूल ऑफ म्युझिक’ ही संस्था शहरात 1987 पासून आहे, तर ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने 2007 मध्ये भारतातील आपला पहिला कार्यक्रम बेंगळुरूच्या पॅलेस मैदानावरच केला होता.

ऑक्टोबर 2023 मध्ये मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेतील बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा दुवा जोडला गेल्यापासून येथून शहराच्या मध्यवर्ती भागात थेट जाता येते. त्यामुळे ऑनलाइन मागणी नोंदवण्याऐवजी मुलाला सोबत घेऊन दुकानात जाणे सोपे झाले आहे. पहिल्या गिटारच्या बाबतीत हे जाणे महत्त्वाचे ठरते, कारण वाद्य मुलाच्या मांडीवर ठेवून पाहिल्याशिवाय ते त्याच्या मापाचे आहे की नाही, हे कळत नाही.

मापाचे गणित

वाद्य माणसाच्या मापाचे असावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पुरुष गायकांसाठी मोठा आणि स्त्री गायिकांसाठी लहान तंबोरा घडवतात. गिटारमध्येही पूर्ण, पाऊण, अर्धी आणि पाव अशी मापे मिळतात. ही नावे मात्र शब्दशः घेऊ नयेत. अर्धी गिटार पूर्ण गिटारच्या निम्म्या लांबीची नसते. खरे माप असते ते तारेच्या कंप पावणाऱ्या भागाचे, म्हणजे दांडीच्या टोकाकडील नटपासून घोडीपर्यंतच्या लांबीचे. पूर्ण मापाच्या अभिजात गिटारमध्ये ही लांबी साधारण 650 मिलिमीटर, पाऊण मापात 580 च्या आसपास आणि अर्ध्या मापात 530 च्या आसपास असते. कंपनीनुसार त्यात थोडाफार फरक पडतो.

या आकड्यांचा मुलाच्या बोटांशी थेट संबंध आहे. सतारीला जसे पडदे, तसे गिटारला फ्रेट असतात. सुरुवातीचे बहुतेक धडे पहिल्या चार फ्रेटवर होतात आणि तेथे चार बोटे एकेका फ्रेटला नेमून दिलेली असतात. पूर्ण मापाच्या गिटारमध्ये पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे 98 मिलिमीटर भरते. पाऊण मापात ते 87 आणि अर्ध्या मापात 80 मिलिमीटर होते. मोठ्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या करंगळीसाठी मात्र पोहोचणे आणि न पोहोचणे, एवढे त्याचे महत्त्व आहे.

साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाव किंवा अर्धी, सहा ते आठ वर्षांच्या मुलाला अर्धी, आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला पाऊण आणि त्यापुढे उंची दीडशे सेंटिमीटरच्या आसपास पोहोचली, की पूर्ण मापाची गिटार योग्य ठरते. वयापेक्षा उंची आणि हाताची लांबी पाहणे अधिक विश्वासाचे. मुलाला पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसवावे. डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत नेल्यावर कोपर किंचित वाकलेले राहिले आणि उजवा हात गिटारवर टेकवताना खांदा वर चढला नाही, तर माप बरोबर आहे.

अगदी लहान मुलांसाठी युकुलेले हाही चांगला पर्याय आहे. त्याला चारच तारा असतात, त्या नायलॉनसारख्या मऊ असतात आणि त्यावर शिकलेली बोटांची ठेवण पुढे गिटारवर उपयोगी पडते.

नायलॉन की पोलाद?

मापानंतरचा प्रश्न तारांचा. अभिजात गिटारला नायलॉनच्या तारा असतात; खर्जाच्या तीन तारांवर धातूचे वेटोळे असले, तरी त्यांचा गाभा मऊच असतो. चित्रपटगीतांच्या साथीला वाजते ती अकूस्टिक गिटार बहुधा पोलादी तारांची असते. पूर्ण मापाच्या गिटारवर हलक्या जाडीच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो भरतो. नायलॉनच्या तारांचा सुमारे 40 किलो. कोवळ्या बोटांना नायलॉन सुसह्य वाटते, ते यामुळे. मात्र नायलॉनच्या गिटारची दांडी रुंद असते. नटपाशी ती साधारण 52 मिलिमीटर, तर पोलादी तारांच्या गिटारमध्ये सुमारे 43 मिलिमीटर भरते. त्यामुळे नायलॉन तारांची, पण मुलाच्या मापाची लहान गिटार ही बहुतेक मुलांसाठी सुरक्षित निवड ठरते.

येथे शिक्षकांचे मत आधी घ्यावे. वर्गात काय शिकवले जाणार, यावर वाद्य अवलंबून असते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षा भारतात अनेक मुले देतात. त्यातील अभिजात गिटारची वाट धरायची असेल, तर नायलॉनच्या तारांचीच गिटार लागते. गाण्याला साथ करणे हा हेतू असेल, तर पुढे पोलादी तारांकडे वळता येते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक आणि दाबायला हलक्या असतात. पण वाद्य वजनदार असते आणि सोबत अॅम्प्लिफायरचा खर्च येतो.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. नायलॉनसाठी घडवलेल्या गिटारवर ‘आवाज मोठा येईल’ म्हणून पोलादी तारा चढवू नयेत. तिच्या दांडीत बहुधा पोलादी सळई नसते आणि वाढलेल्या ताणाने दांडी वाकते किंवा घोडी उखडते.

लहान मापाच्या गिटारला तिच्या मापाच्याच तारा लावाव्यात, हेही ध्यानात ठेवायला हवे. तीच तार, तोच स्वर, पण लांबी 650 ऐवजी 530 मिलिमीटर असेल, तर ताण सुमारे एक तृतीयांशाने घटतो. तार सैल पडते, फ्रेटवर आपटून खरखरते आणि स्वर डळमळतो.

तार किती उंच?

माप बरोबर असूनही बोटे दुखतात, त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. स्वस्त गिटार अनेकदा कारखान्यातून उंच तारांसह येतात, कारण तारा खाली आणताना त्या खरखरू नयेत म्हणून प्रत्येक वाद्यावर हाताने काम करावे लागते. बाराव्या फ्रेटपाशी साध्या पट्टीने मोजले, तर पोलादी तारांची उंची दोन ते अडीच मिलिमीटर आणि नायलॉन तारांची तीन ते चार मिलिमीटर असावी. ती त्याहून बरीच जास्त असेल, तर प्रौढ माणसालाही तार दाबणे जड जाते.

दुसरी परीक्षा नटपाशी करावी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल, तर नटच्या खाचा खोल करून घ्याव्या लागतात. वाद्यांच्या चांगल्या दुकानात किंवा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे हे काम होते. खरेदीच्या वेळीच ते करून मागावे. या कामावर खर्च केलेले पैसे महाग लाकडावर खर्च केलेल्या पैशांपेक्षा मुलाच्या अधिक उपयोगी पडतात.

दुकानात काय पाहावे?

गिटारच्या डोक्याकडून दांडीवर नजर टाकावी. ती पिळलेली किंवा धनुष्यासारखी वाकलेली नसावी. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. फ्रेटची टोके बोचता कामा नयेत. घोडीमागचे लाकूड फुगलेले किंवा घोडी तळाशी सुटलेली नाही ना, ते तपासावे. खुंट्या गुळगुळीत फिरल्या पाहिजेत आणि स्वर लावल्यावर तो टिकला पाहिजे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून खरखर ऐकावी.

शेवटची कसोटी सुरेलपणाची. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता हलका स्पर्श करून छेडले, की मुक्त तारेच्या वरच्या सप्तकातला घंटेसारखा स्वर उमटतो. तीच तार तेथेच दाबून छेडल्यावरही तोच स्वर यायला हवा. मोबाइलवरील मोफत ट्यूनरने हा फरक सहज दिसतो. दोन स्वर जुळत नसतील, तर ती गिटार कितीही लावली तरी बेसूरच वाजणार आणि घडणीच्या वयात मुलाचा कानही तसाच घडणार. घरात कोणालाच वाजवता येत नसेल, तर शिक्षकांना किंवा जाणत्या परिचिताला सोबत न्यावे.

किती खर्च करावा?

नवशिक्यांच्या गिटार तीन-चार हजार रुपयांपासून मिळतात. नामांकित कंपन्यांची सुरुवातीची वाद्ये आठ-दहा हजारांच्या घरात जातात. पहिल्या गिटारसाठी एकसंध लाकडाच्या महाग तबकडीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. थर चिकटवून केलेली तबकडी आवाजात किंचित उणी असली, तरी हवामानातील बदल आणि मुलांच्या हातचे धक्के अधिक सोसते. कॅपो, पट्टे, रंगीत पिक अशा वस्तूंच्या संचाला भुलून कमी प्रतीचे वाद्य घेऊ नये. बरी पिशवी, तारांचा एक जादा संच आणि पाय ठेवायला लहान चौरंग एवढे पुरते.

लहान मापाची गिटार दोन-तीन वर्षांत अपुरी पडते, ही पालकांची रास्त चिंता आहे. त्यावर उपाय जुन्या वाद्याचा. वरच्या वर्गातल्या मुलांनी सोडलेली पाऊण मापाची गिटार शिक्षकांमार्फत मिळू शकते आणि आपलीही पुढे कोणाला देता येते. वर वर्णन केलेल्या परीक्षा मात्र जुन्या वाद्यासाठी अधिक काटेकोरपणे कराव्यात.

हवा आणि लाकूड

गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूची हवा बरीचशी सौम्य असली, तरी फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने कोरडे असतात. सुटीत हीच गिटार विदर्भात गेली, तर कोरड्या उष्म्याने लाकूड आकसते आणि तडे जाऊ शकतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत गेली, तर लाकूड फुगून तारा उंच होतात. वाद्य पिशवीत किंवा पेटीत ठेवावे, बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर मुळीच नाही. तेथील उष्णतेने सरस मऊ पडून घोडी सुटते.

पहिले तीन महिने

मापाची, नीट लावलेली गिटार घेतली तरी सुरुवातीला बोटांची टोके दुखतातच. दोन ते चार आठवड्यांत त्यांवरची त्वचा निबर होते आणि हे दुखणे ओसरते. डाव्या हाताची नखे कापलेली असावीत आणि आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटे वाजवावे. मनगट, खांदा किंवा पाठ दुखत असेल, तर मात्र ते सवयीने जाईल असे समजू नये. गिटारचे माप, बैठक किंवा तारांची उंची यांत काहीतरी चुकले आहे, याची ती खूण असते.

तीन महिन्यांनी मूल कंटाळले आणि गिटार कोपऱ्यात पडली, तर त्याला बोल लावण्यापूर्वी पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची मोजावी आणि शिक्षकांकडून बैठक तपासून घ्यावी. संगीताची आवड खरोखरच नसेल, तर तसे ठरवण्याचा अधिकार मुलाचा आहे. पण तो निर्णय त्याने सुरेल, हाताला बसणाऱ्या वाद्यावर काही दिवस वाजवून घ्यावा, एवढी सोय करून देणे पालकांच्या हाती आहे.