कबड्डीच्या मैदानातून बॉक्सिंगच्या रिंगणात

कर्जतहून सुटणारी संध्याकाळची खोपोली लोकल. पहिली पाळी आटोपून घरी निघालेले एक कामगार बंधू समोर बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता, म्हणून विचारतो. मुलगी नववीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते. आता म्हणते, मला फाइट शिकायची. मोबाइलवर त्या पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघत असते. शाळेतले सर म्हणतात, बॉक्सिंगला घाला. तिची आई म्हणते, दोन्ही मारामारीच, एकही नको. तुम्हीच सांगा, या दोन्हींत फरक तरी काय?"

केळवली गेले, डोलवली गेले, लौजीही मागे पडले. खोपोली येईपर्यंत त्यांना पुरते उत्तर देता आले नाही. हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरातला नाही. खालापूर असो की कर्जत, गावागावांत कबड्डी खेळणारी मुले-मुली आहेत आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. म्हणून हा लेख.

दोन खेळ, दोन रीती

बॉक्सिंग म्हणजे आपले मुष्टियुद्ध. यात फक्त मुठीने, तेही कमरेच्या वर मारायचे. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. हातात दहा किंवा बारा औंसांचे जाड मोजे असतात. स्त्रियांच्या आणि लहान वयोगटांच्या लढतींत डोक्याला संरक्षक शिरस्त्राण असते. खेळाडू खाली पडला की पंच मारा थांबवतात आणि आकडे मोजू लागतात.

पिंजऱ्यातला खेळ म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, थोडक्यात एमएमए. यात ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, कुस्तीची पटकी, सांध्याची पकड, गळ्याचा फास असे सारे चालते. प्रतिस्पर्धी खाली पडला तरी लढत थांबत नाही, जमिनीवरही ठोसे मारता येतात. हातमोजे साधारण चार औंसांचे, बोटे उघडी. व्यावसायिक लढतीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच. मात्र हा खेळ म्हणजे बेबंद हाणामारी नव्हे. त्यालाही नियम आहेत, पंच आहेत, आणि हाताने थोपटून हार मान्य करण्याची सोयही आहे.

कबड्डीपटू कोणाला जवळचा?

आता गंमत पाहा. कबड्डीतल्या पकडी आठवा. घोटा पकडणे, मांडी धरणे, कमरेला मिठी घालून आडवे करणे! हे सारे एमएमएला जवळचे आहे. कुस्तीचे तर विचारूच नका. म्हणूनच काही मल्ल तिकडे वळले. भरत खंदारे हा आपला मुंबईचा पठ्ठ्या कुस्तीतून आला आणि २०१७ साली यूएफसी या अमेरिकन संस्थेच्या पिंजऱ्यात उतरणारा पहिला भारतीय ठरला. शांघायची ती लढत तो हरला. फोगट भगिनींपैकी रितू हिने २०१७ मध्ये २३ वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०१९ मध्ये कुस्ती सोडून एमएमए धरले. वुशू खेळणाऱ्या पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकली. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

म्हणजे ती वाट आहे, आणि तिच्यावर चालणारेही आहेत. तरीसुद्धा दुसऱ्या खेळातून येऊन नाव कमावलेल्या आपल्या मुलींकडे पाहिले, तर त्या बॉक्सिंगकडेच वळलेल्या दिसतात. मणिपूरची मेरी कोम आधी धावायची, भाला फेकायची. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत डिंको सिंगने सुवर्णपदक जिंकले, ते पाहून तिने हातमोजे चढवले आणि पुढे सहा वेळा जगज्जेती झाली. निजामाबादची निखत झरीन मुळात धावपटू. तिने २०२२ आणि २०२३ मध्ये जागतिक सुवर्णपदक पटकावले. हरियाणाची स्वीटी बूरा तर कबड्डीच खेळायची. २०२३ मध्ये दिल्लीत ८१ किलो गटात ती विश्वविजेती झाली.

सर्वांत बोलके उदाहरण आसामच्या लवलीना बोरगोहेनचे. ती लहानपणी थायी पद्धतीचे मुय थाय शिकत होती. त्यात लाथा, गुडघे, कोपर सारे आले. म्हणजे एमएमएचा अर्धा रस्ता तिने चाललेलाच होता. २०१२ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या चाचणीत प्रशिक्षक पदुम बोरो यांनी तिला हेरले आणि ती बॉक्सिंगकडे वळली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले.

कारण काय?

पहिले कारण शिकण्याचे. बॉक्सिंगमध्ये शस्त्र एकच, मूठ. धावपटूचा दम, चढाईपटूचे पाय, अंतराचा अंदाज, हूल देऊन मागे सरण्याची चपळाई, हे सारे तिथे पहिल्या दिवसापासून कामी येते. एमएमएत ठोसे वेगळे शिकायचे, कुस्ती वेगळी, लाथा वेगळ्या, जमिनीवरच्या पकडी वेगळ्या. त्यासाठी निरनिराळे जाणकार लागतात, आणि असे वर्ग बहुधा मोठ्या शहरांत, खासगी आणि महागडे. पाळीवर जाणाऱ्या बापाला ते कसे परवडावे?

दुसरे कारण अधिक मोठे. बॉक्सिंगला शाळेपासून ऑलिंपिकपर्यंत पायऱ्या आहेत. शालेय स्पर्धा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग भारतीय संघ. १९०४ पासून एक १९१२ चा अपवाद सोडला तर बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०१२ पासून स्त्रियांसाठीही. कबड्डीला तिथे अजून जागा नाही. एमएमए तर २०२६ च्या आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात प्रथमच आले आहे. ऑलिंपिकमध्ये तेही नाही.

पायऱ्या असल्या की वाटेत थांबलेल्यालाही काही तरी हाती लागते. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदलांत खेळाडूंची भरती होते. लवलीनाला आसाम सरकारने २०२२ मध्ये आणि निखतला तेलंगणाने २०२४ मध्ये पोलीस उपअधीक्षकपद दिले. ही झाली शिखरावरची नावे. पण राज्य पातळीवरचे एखादे पदकसुद्धा भरतीच्या रांगेत मुलाला चार पावले पुढे नेऊ शकते. पिंजऱ्यातल्या लढतीत मिळाले तर बिदागीचे पैसे मिळतात. हात मोडला आणि लढत थांबली, की मागे काय उरते?

दुसरी बाजूही ऐका

बॉक्सिंग म्हणजे सोन्याची खाण, असे मात्र कोणी समजू नये. भारताला ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये आजवर तीनच पदके मिळाली, विजेंदर सिंग २००८, मेरी कोम २०१२ आणि लवलीना. तिन्ही कांस्य. स्वीटी ज्या ८१ किलो गटात जगज्जेती झाली, तो गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. आणि या पायऱ्याही मधे डळमळल्या होत्या. जून २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक बॉक्सिंग संघटनेची मान्यता काढली. २०२८ च्या लॉस एंजेलिसला बॉक्सिंग असेल की नाही, हे मार्च २०२५ पर्यंत ठरले नव्हते. आता ते निश्चित झाले आहे.

आणि डोक्याला बसणारा ठोसा हा ठोसाच! शिरस्त्राणाने कातडी वाचते, मेंदूला बसणारा हादरा पुरता थांबत नाही. सरावात मार लागून डोके दुखले, गरगरले, ओकारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर गाठायचा. "सहन कर, मर्दासारखा राहा" म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे मूल ठेवू नका.

पालकांनी काय करावे?

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षक संघटनेचा मान्यताप्राप्त आहे का? तिथली मुले जिल्हा आणि राज्य स्पर्धांना जातात का? मिळणारे प्रमाणपत्र शासकीय पडताळणीत टिकते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळेल. नुसत्या चकचकीत प्रमाणपत्राला आणि गळ्यातल्या पदकाला भुलू नका. मुलगा आठ ते चौदा वर्षांचा असेल तर सैन्यदलाच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या निवडचाचणीची माहिती काढा. तिथे खेळाबरोबर शिक्षण आणि राहणे-जेवण सैन्यदल सांभाळते. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून बॉक्सर घडवते आहे, आणि पुणे आपल्याला लांब नाही. बोरघाट चढला की झाले.

आणि काहीही झाले तरी शाळा सोडू देऊ नका. ठोशाचे बळ तिशीनंतर ओसरते, शिक्षण ओसरत नाही.

लोकलमधल्या त्या बंधूंना आता उत्तर देता येईल. भाऊ, दोन्ही मारामारीच नव्हेत. दोन्ही खेळ आहेत आणि दोन्हींत धोका आहे. पण एका खेळात लेक मधेच थांबली तरी पायाखाली पायरी असते, दुसऱ्यात अजून ती बांधली जायची आहे. शाळेतल्या सरांचे ऐका. मुलीच्या आईलाही एकदा सराव पाहायला घेऊन जा. लेक ठोसा मारण्याआधी ठोसा चुकवायला शिकते, हे त्या माउलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल.