मांडवातली गिटार

तुळशीचे लग्न लागले की पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात वाजवणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. हळद, वरात, स्वागत समारंभ. मग हनुमान जयंतीला जामसावळीच्या मारुतीकडे लोटणारी गर्दी, 14 एप्रिलची भीमगीते, पुढे पोळा, गणपती आणि नवरात्रातली जागरणे. गिटार वाजवणारा या सगळ्यांत कुठे ना कुठे असतो: आज ऑर्केस्ट्रात, उद्या भजनी मंडळासोबत, परवा वरातीतल्या धुमाल बँडच्या गाडीवर. हंगाम संपता संपता हातात थोडे पैसे उरतात आणि नेहमीचा प्रश्न उभा राहतो. ते घालायचे कशात? नव्या गिटारीत, पेडलमध्ये की मोठ्या ॲम्प्लिफायर मशीनमध्ये?

या भागात त्या प्रश्नाला भूगोलही चिकटलेला आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे तो छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशात राहिला आणि 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीचा कागद हिंदीत चालतो, पण घरात मराठी आणि मोठ्या खरेदीला नागपूर, ही घडी कायम आहे. पांढुर्ण्याहून नागपूर साधारण शंभर किलोमीटर. सौंसरहून बरेच जवळ. म्हणजे कार्यक्रमाच्या संध्याकाळी एखादी वस्तू बिघडली, तर बदली आणायला जाणे शक्य नसते. म्हणून इथल्या वादकाने वस्तू निवडताना आवाजाइतकाच दुरुस्तीचा विचार करायला हवा.

जपानी बेंजो, जपानी ऑक्टोपॅड

परक्या वाद्याला आपल्या मांडवात बसवण्याची कला या मुलखाला नवी नाही. खंजिरी हे घरचेच वाद्य; विदर्भाच्या भजनाची ही ओळख राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव नेली. तिला वीज लागत नाही आणि ती पिशवीत मावते. वरातीतल्या बेंजोची कथा याहून लांबची. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवलेले ‘ताईशोगोतो’ हे तंतुवाद्य तयार केले. तेच भारतात बुलबुलतरंग, बोलीत बेंजो, म्हणून रुळले. बँडवाल्यांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली आणि नाजूक घरगुती वाद्य ढोल-ताशांच्या वर ऐकू येऊ लागले.

दुसरी लाटही जपानहून आली. रोलँड कंपनीने 1985 मध्ये आठ पॅडचा ऑक्टोपॅड बाजारात आणला. पुढच्या मॉडेलांमुळे ढोलकी, तबला, ड्रम आणि टाळ्या एकाच माणसाच्या दोन काठ्यांखाली आल्या. कीबोर्डवाल्याकडे व्हायोलिनपासून सनईपर्यंत सगळे आले, गिटारही आली. इथे खऱ्या गिटारवाल्याची परीक्षा आहे. कीबोर्डला न जमणाऱ्या गोष्टींवरच त्याची जागा टिकते: तार ओढून काढलेली मींड, तळहाताने दाबून धरलेली लय, सहाही तारांवरून फिरणारा हात. हे बारकावे स्वच्छ आवाजातच कळतात. दुकानात एकट्याने वाजवताना दणकट वाटणारा, भरपूर डिस्टॉर्शनचा आवाज कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत चिखलासारखा बसतो.

गिटार आणि स्पीकर यांच्या मधले अंतर

लहान गावातल्या कार्यक्रमात गिटारसाठी वेगळा ॲम्प क्वचितच असतो. साउंडवाला सरळ मिक्सरची पिन हातात देतो. साध्या पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट सुमारे 10 लाख ओहमचा लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध त्याच्या कित्येक पटींनी कमी असतो. परिणामी वरचे, चमकदार स्वर गळतात आणि गिटार मेणचट, दबलेली ऐकू येते. वादकाला वाटते, गिटारच हलकी आहे. दहा मीटरच्या स्वस्त वायरने हा दोष आणखी वाढतो.

यावर नवी गिटार हा उपाय नाही. चांगली डीआय (डायरेक्ट इनपुट) पेटी किंवा छोटा मल्टी-इफेक्ट मध्ये घातला की पिकअपला हवा तो इनपुट मिळतो आणि मिक्सरकडे भक्कम सिग्नल जातो. झूमच्या जी-वन फोरसारखी यंत्रे पेन्सिल सेलवरही चालतात, त्यामुळे मांडवातल्या बेभरवशाच्या सॉकेटचा एक त्रास कमी होतो. त्यात ॲम्पचे अनुकरण आणि ट्यूनरही असतो. पन्नास आवाज साठवण्यापेक्षा तीन पक्के करून ठेवावेत: एक स्वच्छ लयीसाठी, एक जुन्या हिंदी गाण्यांतल्या सुरावटींसाठी थोडा इको घातलेला, एक सोलोसाठी किंचित मोठा.

बिघाडाचे नेहमीचे ठिकाण मात्र गिटारीवरच असते. वायर खोचायच्या सॉकेटचा नट प्रवासात ढिला होतो. पिन घालताना अख्खा सॉकेट फिरतो, आतल्या दोन तारा पिळल्या जातात आणि एक दिवस रेण सुटून गाण्याच्या मध्येच आवाज जातो. प्लेट उघडून सॉकेट आतून धरावा, पान्याने नट घट्ट करावा, तुटलेली तार तिच्याच टोकाला पुन्हा रेण करावी. तारा उलट लागल्या तर आवाजाऐवजी गुणगुण येते. सोल्डरिंग आयर्न आणि पाना खोक्यात असला की हे काम मध्यंतरात होते.

हवामानाचाही वाटा आहे. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारीचा सरस मऊ पडतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि मान वाकते. बाराव्या पट्टीवर जाड तारेची उंची इलेक्ट्रिक गिटारीत सुमारे दोन मिलिमीटर असली तर हात सहज चालतो. ती बरीच वाढली असेल तर आधी सेटअप करून घ्यावा. मानेतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. नीट सेट केलेली कोलकात्याची साधी गिटार कार्यक्रमात बेसूर महागड्या गिटारीपेक्षा भरवशाची ठरते.

वीज आणि वॅट

मांडवातली वीज कधी खांबावरून, कधी जनरेटरवरून येते. दिव्यांच्या डिमरजवळ सिंगल कॉइल पिकअप घुंई करतो. दोन कॉइल उलट जोडून ती गुणगुण मारणारा हंबकर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये रचला, आणि अशा मंचावर त्याची किंमत कळते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची युक्ती मात्र जिवावर बेतणारी आहे. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइकचा मिक्सर दुसऱ्या लाइनवर असेल आणि अर्थिंग बिघडलेले असेल, तर ओठ माइकला लागताच शरीरातून विद्युतप्रवाह जातो. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’चे गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच मंचावरच मरण पावले. म्हणून संपूर्ण मंचासाठी अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून वीज घेणे आणि गाण्याआधी अर्थिंग तपासून घेणे हे साउंडवाल्याइतकेच वादकाचेही काम आहे.

मोठ्या वॅटचा मोह याच ठिकाणी तपासून घ्यावा. 250 वॅटचे मशीन बदलून 500 वॅटचे घेतले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उघड्या मैदानात स्पीकरचे श्रोत्यापासूनचे अंतर निम्मे केले तर सुमारे 6 डेसिबल फुकट मिळतात. म्हणजे चौपट वॅटचे काम स्टँड पुढे सरकवून होते.

कायदाही वॅटच्या बाजूने नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशात मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या सरकारने सत्तेवर येताच ध्वनिक्षेपकांच्या नियमपालनाचा आदेश काढला. दहाला बंद होणाऱ्या कार्यक्रमात शेवटच्या श्रोत्यापर्यंत शब्द पोहोचणे हे गडगडाटापेक्षा मोलाचे आहे.

पैसे घालण्याचा क्रम यावरून ठरतो: आधी सेटअप आणि नव्या तारा, मग दोन चांगल्या वायरी, मग डीआय किंवा मल्टी-इफेक्ट, त्यानंतर हंबकर पिकअप. दुसरी गिटार यानंतर, तीही तार तुटल्यावर बदली म्हणून. मोठ्या खर्चाची वाट भजनी मंडळांनी कधीच दाखवून दिली आहे. तिथे पेटी, तबला आणि माइक कुणा एकाचे नसतात. वर्गणीतून घेतलेले असतात आणि मंडळाच्या कुलपात राहतात. पांढुर्णा आणि सौंसरच्या चार-पाच तरुण वादकांनी अर्थिंगचा पक्का बोर्ड, व्होल्टेज स्टॅबिलायझर, दोन डीआय आणि एक जादा गिटार अशीच सामायिक घेतली, तर प्रत्येकाचा वाटा एका साध्या गिटारीच्या किमतीत बसू शकेल आणि येत्या लग्नसराईत ती सामग्री आळीपाळीने सगळ्यांच्या कामी येईल.